फिरत्या लाकडाभोवती जमलेली माणसं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या स्वयंपाकघरातलं लाटणं एकदा हातात घेऊन नीट पाहा. मधे जाड, दोन्ही टोकांकडे निमुळतं होत गेलेलं, मुठीपाशी एखादी बारीक खाच. रोज हाताळतो म्हणून त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. पण हा गोलावा रंध्यानं येत नाही, करवतीनंही येत नाही. लाकूड स्वतःभोवती फिरत असतं, कारागीर त्याला हत्याराची धार लावून उभा असतो, आणि नको असलेलं लाकूड सालीसारखं उलगडत बाहेर पडतं. घरात शोधायला लागलात तर अशा वस्तू बऱ्याच सापडतील. ताक घुसळायची रवी, मुलांचा भोवरा, पाळण्याचे खूर, देव्हाऱ्याचे खांब, आजोबांच्या पलंगाचे पाय, तबल्याचं खोड, बुद्धिबळातली प्यादी.

हे काम करणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. कातणं म्हणजे नुसतं सूत कातणं नव्हे, लाकूड कातणंही. हिंदी-उर्दूत याच यंत्राला खराद म्हणतात आणि कारागिराला खरादी. अरबीत तो खर्रात. कैरोच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना ज्या लाकडी जाळ्या दिसतात, ज्यांना मशरबिया म्हणतात, त्या अशाच कातलेल्या शेकडो मण्यांची आणि दांड्यांची जुळणी असते. गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात, कोकणात मेस्त्री, आणि तो शब्द पोर्तुगिजांच्या ‘मेस्त्रे’वरून, म्हणजे ‘गुरू’वरून आला. कवितेचा नाद असलेल्या माणसाला वस्तूच्या आधी तिचा शब्द दिसतो, त्याला इलाज नाही. आता वस्तूकडे वळतो.

आज मला सांगायचं आहे ते कातारकामातल्या एका आगळ्या प्रथेबद्दल. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत लाकूड कातणाऱ्यांचे क्लब आहेत. आपल्याकडे भजनी मंडळं असतात किंवा साहित्यप्रेमींच्या मासिक बैठका असतात, तसे. महिन्यातून एकदा, बहुधा संध्याकाळी, शाळेच्या कार्यशाळेत किंवा गावच्या सभागृहात माणसं जमतात. पुष्कळ जण निवृत्त असतात. कुणी अभियंता होता, कुणी शिक्षक, कुणी ट्रक चालवत होता. आल्या आल्या जो तो दाराजवळच्या टेबलावर आपण महिन्याभरात केलेली वस्तू ठेवतो. वाडगा, पेन, झाकणाची डबी, मेणबत्तीचा खांब. एखाद्याचं झाकण ‘टप्’ असा आवाज करत बसतं, दुसऱ्याच्या वाडग्याला वाळताना तडा गेलेला असतो. तडा गेलेला वाडगाही आणतात, कारण तो का गेला हे विचारायचं असतं.

मग प्रात्यक्षिक सुरू होतं. समोर लेथ, त्यावर लाकडाचा ठोकळा, आणि तोंडावर पारदर्शक मुखवटा चढवून उभा असलेला त्या दिवसाचा पाहुणा. पूर्वी लेथच्या वर एक मोठा आरसा तिरका टांगलेला असे, म्हणजे मागच्या रांगेतल्यालाही पटाशीचं टोक दिसावं. आता कॅमेरे आणि पडदे आले. पाहुणा कातता कातता बोलत असतो. पटाशीला धार कशी लावली, तिची पाठ लाकडाला कशी टेकवली, उजव्या हातानं दांडा कसा वळवला आणि डाव्यानं काय केलं नाही. क्वचित हत्यार लाकडात अडकतं, धाडकन आवाज होतो, ठोकळ्याला खोल ओरखडा पडतो. सगळा हॉल क्षणभर गप्प होतो. मग चांगला पाहुणा काय करतो, तर यंत्र थांबवतो, ओरखडा सगळ्यांना दाखवतो आणि तो का पडला ते समजावतो. माझ्या मते त्या संध्याकाळचा तोच सर्वांत मोलाचा भाग.

उर्दू कवितेच्या परंपरेत नवख्या शायरानं आपली गझल उस्तादाला दाखवायची आणि उस्तादानं ती दुरुस्त करून द्यायची, याला इस्लाह म्हणतात. क्लबचं ते टेबल मला इस्लाहच्या बैठकीसारखं वाटतं. फरक एवढाच की मुशायऱ्यात शायर शेर ऐकवतो, तो कसा घडला ते सांगत नाही. इथे माणसं जमतात ती केवळ ‘कसं’ ऐकायला. शेवटी चहा होतो, कुणीतरी आणलेल्या लाकडाच्या ओंडक्यांची सोडत निघते, आणि ज्याला चिठ्ठी लागली तो कुणाच्या तरी अंगणात वादळानं पडलेल्या झाडाचा तुकडा काखोटीला मारून घरी जातो.

ऐकायला हे सगळं साधं वाटतं. पण कारागिरीच्या इतिहासात हे साधं नाही. आपलं कसब चारचौघांत, आडपडदा न ठेवता, प्रतिस्पर्ध्यांसमोर उलगडून दाखवणं ही गोष्ट माणसानं फार उशिरा केली.

लेथ स्वतः पुरातन आहे. इजिप्तमध्ये इसवीसनापूर्वी सुमारे ३०० च्या सुमाराचं पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताचं थडगं आहे. त्याच्या भिंतीवरच्या कोरीव चित्रात दोन माणसं लेथवर काम करताना दिसतात. एक दोरी ओढून लाकूड फिरवतो, दुसरा हत्यार धरतो. लेथचं हे सर्वांत जुनं ज्ञात चित्र. म्हणजे यंत्र मुळातच दोघांचं होतं. पुढे एकट्याचं झालं ते युरोपातल्या जंगली काठीमुळे. डोक्यावर एक लवचिक लांब काठी बांधायची, तिच्या टोकाची दोरी लाकडाला एक वेढा देऊन खाली पायाखालच्या फळीला बांधायची. फळी दाबली की लाकूड आपल्याकडे फिरतं, सोडली की काठी दोरीला वर खेचते आणि लाकूड उलटं फिरतं. कापायचं फक्त दाबताना, सोडताना हत्यार किंचित मागे घ्यायचं. दिवसभर पाय चालू. या यंत्रावर शतकानुशतकं युरोपानं आपली जेवणाची भांडी केली. चिनी मातीच्या ताटल्या घरोघर येण्याआधी सामान्य माणूस लाकडी वाडग्यातच जेवत असे. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोज’ हे इंग्लंडच्या राजाचं लढाऊ जहाज १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं, तेव्हा त्याच्या अवशेषांबरोबर खलाशांची लाकडी भांडीही मिळाली.

अशी वस्तू करणाऱ्याचा धंदा मोठा, आणि धंदा मोठा की कुंपण आलं. लंडनच्या कातारी लोकांचा जथा फार जुना. १३१० मध्ये सहा कातारींना नगराध्यक्षासमोर बोलावून, ठरलेल्या मापांखेरीज दुसरी मापं करणार नाही अशी शपथ घ्यायला लावल्याची नोंद आहे. तेव्हा दारूची मापं लाकडाची असत, आणि माप कमी करणं ही कातारीच्या हातातली गोष्ट होती. १६०४ मध्ये पहिल्या जेम्स राजानं त्यांना सनद दिली. पुढे सुतारांशी भांडण जुंपलं. लेथवरचं काम कुणाचं आणि जोडकाम कुणाचं, यावर १६३३ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांना बसून निवाडा द्यावा लागला आणि ते दोन वेगळे धंदे ठरले. आपल्याकडच्या बलुत्यांच्या हद्दीच्या तंट्यांची आठवण यावी असाच हा प्रकार. उमेदवारी सात वर्षांची, असा १५६३ चा कायदा होता. त्यातलं उमेदवारीचं बंधन थेट १८१४ मध्ये उठलं. सात वर्षं मालकाच्या घरी राहायचं, झाडलोट करायची, आणि पाहत पाहत शिकायचं. बाहेरच्याला दाखवणं म्हणजे पोटावर पाय.

या कुंपणाला पहिलं भोक पाडलं ते पुस्तकांनी. लंडनच्या जोसेफ मॉक्सन नावाच्या मुद्रकानं १६७८ पासून लोहार, सुतार, कातारी यांची कामं समजावणारं लेखन हप्त्याहप्त्यानं छापायला सुरुवात केली. आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या लेखमालेसारखंच म्हणा ना. आणि १७०१ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरी शार्ल प्ल्युमिए यांचा केवळ कातकामावरचा मोठा सचित्र ग्रंथ निघाला. हे प्ल्युमिए होते ख्रिस्ती संन्यासी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या सन्मानार्थ एका झाडाला ‘प्लुमेरिया’ हे शास्त्रीय नाव मिळालं. ते झाड म्हणजे आपला पांढरा चाफा, देवचाफा! मूळचं अमेरिका खंडातलं हे झाड आपल्याकडे देवळाच्या आवारातही आहे आणि कब्रस्तानातही. त्याच्या फुलांचा सडा मी लहानपणापासून पाहत आलो. त्या नावामागे एक लाकूड कातणारा संन्यासी उभा आहे हे कळल्यावर चाफ्याकडे बघण्याची नजर थोडी बदलली. प्ल्युमिएंचा ग्रंथ रशियाच्या पीटर द ग्रेटपर्यंत पोहोचला. त्या बादशहाला लेथचं वेडच होतं. आंद्रेई नार्तोव नावाचा निष्णात यंत्रकार त्यानं पदरी ठेवला होता, आणि त्या काळातले लेथ आजही सेंट पीटर्सबर्गला आहेत.

त्यामुळे गंमत अशी झाली की ज्ञान बाहेर आलं, पण ते खाली न जाता वर गेलं. १७९२ मध्ये स्ट्रासबर्गहून लंडनला आलेल्या होल्ट्झाप्फेल नावाच्या कारागिरानं १७९५ पासून असे नक्षीचे लेथ विकायला सुरुवात केली की ते घेणारे सरदार, जमीनदार आणि धनिकच असत. हस्तिदंतावर, शिसवीसारख्या काळ्या लाकडावर घड्याळाच्या तबकडीसारखी बारीक वेलबुट्टी काढायची, हा बड्यांचा विरंगुळा. या घराण्यानं १८४३ पासून कातकामावर जाडजूड ग्रंथ काढले. या नक्षीकामाच्या शौकिनांची इंग्लंडमधली संस्था १९४८ ची. ती अजून आहे. पण तिच्यात आणि पोटासाठी खुर्चीचे पाय कातणाऱ्यात काही नातं नव्हतं.

त्या पाय कातणाऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. लंडनच्या वायव्येला चिल्टर्न टेकड्यांवर बीच झाडांची दाट बनं आहेत. तिथल्या हाय विकम गावात खुर्च्यांचा प्रचंड धंदा होता. १८७३ मध्ये मूडी आणि सँकी या धर्मोपदेशकांच्या सभांसाठी या गावाला एकाच वेळी १९,२०० खुर्च्यांची मागणी आली होती. या खुर्च्यांचे पाय आणि आडव्या दांड्या गावात होत नसत. ते काम रानातल्या माणसांचं. लोक त्यांना ‘बॉजर’ म्हणत, ते स्वतःला टर्नरच म्हणवत. रानातल्या उभ्या झाडांचा लिलाव घ्यायचा, तिथेच खोपट घालायचं, झाड पाडून ओलं असतानाच फोडायचं, काठीच्या लेथवर पाय कातायचे आणि ग्रोसच्या हिशेबानं, म्हणजे १४४ च्या गठ्ठ्यानं, कारखान्याला द्यायचे. पूर्ण खुर्ची त्यांनी क्वचितच केली. ओलं लाकूड कातायला मऊ जातं, आणि झाडच कातायच्या जागी असेल तर वाहून न्यायचे फक्त पाय. अर्थशास्त्र इतकं साधं होतं. वाफेची आणि विजेची यंत्रं आल्यावर ते टिकलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेवटचे बॉजर संपले.

वाडगे कातणाऱ्यांचीही तीच गत. बर्कशायरमधल्या बकलबरी गावच्या माळावर जॉर्ज लेली हा कारागीर एका खोपटात काठीच्या लेथवर एल्म लाकडाचे वाडगे करत असे. आधी आजोबा, मग वडील, मग हा. एकाच ओंडक्यातून तो एकात एक बसणारे अनेक वाडगे काढायचा, मोठ्याच्या पोटातून लहान, लहानाच्या पोटातून त्याहून लहान. त्यासाठी आकड्यासारखी वाकडी हत्यारं लागत. १९५८ मध्ये लेली वारला. मागे शिष्य कुणी नव्हता. इंग्लंडमधली काठीच्या लेथवरच्या वाडग्यांची अखंड परंपरा त्याच्याबरोबर थांबली. लेथ आणि हत्यारं रेडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात गेली. हत्यारं काचेमागे होती, ती धरायची कशी हे जाणणारा हात मातीखाली.

आता एक योगायोग पाहा. १९७६ ते १९८१ या काळात इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट नावाच्या रस्त्यावर उत्खनन चाललं होतं. कॉपरगेट म्हणजे मूळ नॉर्स भाषेत पेले करणाऱ्यांची आळी. हजार वर्षांपूर्वी त्या शहरात स्थायिक झालेल्या व्हायकिंगांनी दिलेलं नाव. उत्खननात काय मिळालं? लाकडी वाडग्यांबरोबर वाडगा कातताना मध्यभागी उरतो तो शंकूसारखा लाकडी गाभा. एक नाही, अनेक. रस्त्याचं नाव खरं होतं, पेले करणारे खरंच तिथे होते, आणि त्यांच्या कामाचा कचरा ओल्या मातीनं हजार वर्षं जपला होता.

आणि त्याच १९७६ साली, समुद्रापलीकडे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या न्यूटाउन गावी जॉर्ज स्कूल या शाळेत लाकूड कातणाऱ्यांचा एक मेळावा भरला. अल्बर्ट आणि ॲलन लकॉफ हे भाऊ आणि त्या शाळेतले शिक्षक पामर शार्पलेस यांनी तो भरवला. देशात विखुरलेले कातारी एकत्र बोलवायचे, त्यांना लेथसमोर उभं करायचं, आणि बाकीच्यांनी पाहायचं, एवढी साधी कल्पना. १९८१ पर्यंत असे दहा मेळावे झाले. उत्खननाचीही नेमकी तीच सहा वर्षं. एका बाजूला मातीखालून मुकी झालेली विद्या वर येत होती, दुसरीकडे जिवंत माणसं ती बोलून दाखवायला शिकत होती.

शिकत होती असं म्हणतो, कारण तोवर ही माणसं एकेकटी होती. बॉब स्टॉक्सडेल यांचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लढायला नकार देणाऱ्यांना अमेरिकेत छावण्यांत ठेवत. तिथे त्यांनी वाडगे कातायला सुरुवात केली आणि पुढे बर्कलीत घराच्या तळघरातल्या कार्यशाळेत आयुष्यभर तेच केलं. केंटकीत रूड ओसोल्निक कॉलेजात शिकवता शिकवता कातत होते. शिकागोत जेम्स प्रेस्टिनी यांनी कागदासारखे पातळ वाडगे केले होते. यांतल्या अनेकांनी हत्यारांच्या युक्त्या स्वतःच शोधल्या. एकानं शोधलेली युक्ती दुसऱ्याला माहीत नाही, मग दुसऱ्यानं तीच पुन्हा पाच वर्षं खर्चून शोधायची!

डेव्हिड एल्सवर्थ यांनी तर अजबच वाट काढली. गोलाकार कुंभ करायचा, त्याला वर बोट जाईल न जाईल एवढंच तोंड ठेवायचं, आणि त्या तोंडातून वाकडं हत्यार घालून आतलं सगळं लाकूड कातून काढायचं, भिंत पातळ होईपर्यंत. आत काय चाललंय ते दिसत नाही. मग कळतं कशानं? आवाजानं आणि हाताला लागणाऱ्या थरथरीनं. भिंत पातळ होत जाते तसा आवाज बदलतो. चुकलं की कुंभ फुटतो. अशी गोष्ट पुस्तकातून शिकता येत नाही. ती शेजारी उभं राहून ऐकावी लागते. मेळाव्यांची खरी गरज इथे होती.

१९८५ मध्ये टेनेसीतल्या गॅटलिनबर्ग इथल्या ॲरोमाँट कलाशाळेत मोठी परिषद झाली आणि तिथल्या चर्चेतून १९८६ मध्ये अमेरिकेतल्या कातारींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. एल्सवर्थ तिचे पहिले अध्यक्ष. लगेच १९८७ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला तिचा पहिला वार्षिक मेळावा झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्येही तशीच संघटना निघाली, तिचे पहिले अध्यक्ष रे की. आज अमेरिकन संघटनेच्या तीनशेहून अधिक स्थानिक शाखा आहेत. सुरुवातीला वर्णन केलेली ती महिन्याची संध्याकाळ म्हणजे या शाखांचंच काम. २०२० मध्ये करोनानं सभागृहं बंद पडली तेव्हा प्रात्यक्षिकं ऑनलाइन गेली, आणि एका देशातल्या कातारीला दुसऱ्या खंडातली माणसं घरबसल्या प्रश्न विचारू लागली. पुढे सभागृहं उघडली.

हे सगळं कौतुकानं सांगितलं खरं, पण ‘प्रात्यक्षिक’ या शब्दाचा एक दुसरा इतिहासही आहे आणि तो आपल्या लोकांचा आहे. १८८५ च्या हिवाळ्यात लंडनच्या लिबर्टी या दुकानानं बॅटरसी पार्कमध्ये एक ‘भारतीय गाव’ उभारलं. भारतातून कारागीर नेऊन त्यांना लोकांपुढे कामाला बसवलं. थंडीनं त्या बिचाऱ्यांचे हाल झाले आणि सगळा बेत फसला. पुढच्याच वर्षी साउथ केन्सिंग्टनला साम्राज्याचं भव्य प्रदर्शन भरलं. तिथे चौतीस भारतीय कारागीर रोज गर्दीपुढे काम करत. विणकर, तांबट, कुंभार. पन्नास लाखांवर लोकांनी ते प्रदर्शन पाहिलं. पिढीजात कसब म्हणून जे दाखवलं जात होतं, ते त्यांतल्या बहुतेकांना आग्र्याच्या तुरुंगात शिकवलेलं होतं, हे पाहणाऱ्यांना सांगितलं गेलं नाही. व्हिक्टोरिया राणीच्या सांगण्यावरून रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकारानं त्यांतल्या काहींची चित्रं काढली. राणीच्या ऑसबोर्न हाउस या निवासात ती चित्रं आजही आहेत. चेहरे फार सुंदर रंगवले आहेत. मला त्यांतलं मौन सोसत नाही.

तिथेही हात चालत होते, इथेही चालतात. पण साउथ केन्सिंग्टनच्या गर्दीतल्या कुणालाही उद्या घरी जाऊन मागावर बसायचं नव्हतं. पाहणारा आणि करणारा यांच्यामध्ये दोरी होती, आणि दोरीच्या आत बसलेल्याला बोलायची मुभा असली तरी त्याची भाषा कुणाला येत नव्हती. क्लबातला पाहणारा मात्र उद्या सकाळी स्वतःच्या लेथसमोर तोच कट मारून पाहणार असतो. म्हणून तो अडवून विचारतो, ‘थांबा, तो हात पुन्हा दाखवा.’ आणि पाहुण्याला पुन्हा दाखवावं लागतं.

मात्र या क्लबांबद्दल एक गोष्ट मला खटकते, तीही बोलून टाकतो. कसब खुलं झालं ते त्यावरचं पोट गेल्यावर. बॉजर उपाशी मरेल म्हणून आपली युक्ती लपवत होता. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला लपवायचं कारण नाही. कातलेला वाडगाही आता जेवायच्या पाटावरून उठून काचेच्या कपाटात गेला. चांगला लेथ, हत्यारं, धूळ ओढणारं यंत्र हे सगळं घ्यायला खिसा हवा. आणि जमलेल्यांमध्ये बायका थोड्या. अमेरिकन संघटनेनं अलीकडे स्त्रियांसाठी खास उपक्रम सुरू केला, म्हणजे उणीव त्यांनाही जाणवली. काही कातारी आता वाडगे विकून कमी आणि प्रात्यक्षिकं देऊन जास्त मिळवतात. यात वाईट काही नाही. पण ज्याची वस्तू कुणी विकत घेत नाही आणि जिची कृती बघायला मात्र पैसे देतात, त्या कलेचं पुढे काय होतं हे आपण तमाशात आणि गोंधळात पाहिलं आहे.

तरीही लेलीच्या बाबतीत जे घडलं ते क्लबवाल्या वृत्तीमुळेच घडलं. रॉबिन वुड नावाच्या तरुणानं रेडिंगच्या संग्रहालयात लेलीचा लेथ पाहिला, वाकड्या हत्यारांचा अभ्यास केला, स्वतः भट्टीवर तशी हत्यारं घडवली आणि काठीच्या लेथवर वाडगे कातून उपजीविका करून दाखवली. वाचायला हे एका ओळीत संपतं, पण सांगायला कुणी नसलेली हालचाल नुसत्या पोलादाच्या वळणावरून ओळखायची म्हणजे मेलेल्या भाषेचे उच्चार शोधण्यासारखं आहे. वुड यांनी ते कळल्यावर स्वतःपाशी ठेवलं नाही. लिहिलं, शिकवलं, आणि ब्रिटनमधल्या लोपत चाललेल्या हस्तकौशल्यांसाठी काम करणारी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. त्या संस्थेनं २०१७ मध्ये धोक्यात आलेल्या कारागिऱ्यांची यादी जाहीर केली, प्राणी-पक्ष्यांची असते तशी.

काठीच्या लेथवाल्यांचीही आता संघटना आहे, १९९० पासून. त्यांचा वार्षिक मेळावा उघड्या रानात भरतो. त्याला त्यांनी थट्टेनं ‘बॉजर्स बॉल’ म्हणजे बॉजरांचा नाचसमारंभ असं नाव दिलंय. त्यात एक शर्यत असते. ओंडका फोडायचा, तासायचा आणि लेथवर खुर्चीचे दोन जुळे पाय कातायचे. वेळ मोजतात, आणि पाय एकमेकांशी जुळतात का तेही पाहतात. पाय धापा टाकत फळी मारत असतो, वरची काठी वाऱ्यात हलल्यासारखी खालीवर होत असते, आणि भोवती उभी असलेली पोरं ओरडून हुरूप देत असतात.

आपल्याकडे काय आहे? सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि लाखकाम आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात गंजिफा आणि लाखकामाला पुन्हा उभं केलं. राजवाड्याच्या दालनात चितारी काम करताना पाहुण्यांना पाहता येतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणमध्ये लेथवरच रंग चढवतात. फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर पसरते, मग केवड्याच्या जातीचं पान दाबून तिला चकाकी आणतात. बावास मियाँ यांनी जपानी तंत्र आणून या गावच्या धंद्याला नवं वळण दिलं, असं तिथे मानतात आणि त्यांचं नाव आदरानं घेतात.

पण महाराष्ट्रात लाकूड कातायला रीतसर शिकायचं तर कुठे जायचं? आयटीआयमध्ये ‘टर्नर’ हा अभ्यासक्रम आहे, पण तो लोखंड कातण्याचा. लाकडाचं ज्ञान बापाकडून मुलाकडे येतं, आणि मुलगा शहरात रिक्षा चालवायला गेला की तिथेच थांबतं. लाटणी-पोळपाट करणारे कारागीर आठवडी बाजारांच्या गावी, जत्रांच्या रस्त्यावर अजून दिसतात. मोटर लावलेला छोटा लेथ, समोर ढलप्यांचा ढीग, आणि दोन-चार मिनिटांत लाकडाच्या तुकड्याचं लाटणं. तिथे दोरी नाही, तिकीट नाही, मुखवटाही नाही. माणसं थांबतात, लाटण्याचा भाव विचारतात, घासाघीस करतात. पटाशी तुम्ही तिरकी का धरता, हे त्याला विचारणारा मला अजून भेटायचा आहे.